नाही म्हणायचा तास

सांगलीतल्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते, तिथे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सुरुवातीलाच एक ठरलेला प्रकार होतो. मी फळ्यावर 'संख्याशास्त्र' असं लिहिते आणि मागच्या बाकांवरून विव्हळल्यासारखा आवाज येतो. ही सगळी पोरं गणिताला चुकवून कला शाखेत आलेली असतात. दोन वर्षं स्वप्नं, स्मृती, बालमानस असलं गोड गोड शिकून झालेलं असतं आणि अचानक समोर वर्गमूळ उभं राहतं. "मॅडम, सायकॉलॉजीत गणित कशाला?" हे कुणीतरी विचारतंच. मी सांगते, "माणसं खोटं बोलतात म्हणून." मग वर्ग गप्प झाला की पुढचं सांगते, "आणि त्यांना खोटं बोलायला आपणच लावतो, म्हणून."

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तासाला कॅल्क्युलेटर न आणता येणाऱ्याची मी गय करत नाही आणि मोबाईलवर आकडेमोड करणाऱ्याची तर अजिबातच नाही, कारण तो दुसऱ्या मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. पण सूत्र मात्र मी पहिल्या दिवशी देत नाही. घरून कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो, ते प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावते. वसतिगृहातल्या मुली नुसतं मैदान ओलांडून येतात. जतकडची पोरं पहाटेची एसटी धरतात. सगळ्यांची सरासरी काढली की येते साधारण पाऊण तास. मग मी म्हणते, "ज्यांना पाऊण तास लागतो त्यांनी हात वर करा." एकही हात वर होत नाही. वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच प्रमाण विचलन निम्मं शिकवून झालेलं असतं. सरासरी एक आकडा सांगते. माणसं त्या आकड्यापासून किती लांब लांब पांगलीत ते प्रमाण विचलन सांगतं. पोरं त्याला एसडी म्हणतात. मीही आता तेच म्हणते.

आकड्यांपेक्षा अवघड जातं ते संशोधनाची नीती शिकवणं. पुस्तकात वाक्य सोपं आहे: सहभागी व्यक्तीची संमती स्वेच्छेची असावी आणि तिला नकार देण्याची मुभा असावी. पोरं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, पैकीच्या पैकी गुण घेतात. पण आमच्या भागात तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. दारात आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. 'बघू की', 'सांगतो की', 'घरात इचारतो', 'आदी च्या तर घ्या'. यातलं होकाराचं कुठलं आणि नकाराचं कुठलं, ते आपलं आपल्याला बरोबर कळतं. पण तेच पोर हातात प्रश्नावली घेऊन गेलं की त्याला सगळेच होकार वाटायला लागतात.

म्हणून मी एक तास लावते. पोरांनीच त्याचं नाव 'नाही म्हणायचा तास' असं ठेवलंय. जोड्या करायच्या. एकाने विचारायचं, "माझी प्रश्नावली भराल का?" दुसऱ्याने म्हणायचं, "नाही." कारण द्यायचं नाही. आणि विचारणाऱ्याने 'बरं' म्हणून उठायचं, 'का' म्हणून विचारायचं नाही. एवढंच. पण करून बघा. गेल्या खेपेला पहिलीच मुलगी म्हणाली, "नाही, म्हणजे आज जरा डोकं दुखतंय." मी म्हटलं, "तुझ्या डोक्याची चौकशी कुणी केली? परत." एका पोराने 'नाही' म्हणून झाल्यावर इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी तो स्वतःच म्हणाला, "जाऊ दे, भरतो." शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणारे सर एकदा दारात येऊन बघून गेले, कारण आमच्या वर्गातून एकसारखं 'नाही, नाही' ऐकू येत होतं आणि त्यांना वाटलं पोरांनी तासावर बहिष्कार टाकला. आमच्या विभागप्रमुखांना हा तास म्हणजे पोरखेळ वाटतो. त्यांचं मत त्यांच्यापाशी.

अलीकडेच एका वर्षी या वर्गात औंधकडच्या एका गावातली मुलगी होती. वसतिगृहात राहायची. घर फौजींचं: आजोबा फौजेत, चुलते फौजेत, भाऊ आत्ता सीमेवर, आणि वडील सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावात परत आलेले. मुलीचा आवाज असा खणखणीत की तिला शंका विचारायची असली तर ती जिन्यापर्यंत ऐकू जायची. 'नाही म्हणायच्या तासा'ला तिने ताड की फाड 'नाही' म्हणून टाकलं आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला. पण विचारणारी झाल्यावर मात्र तिला नकार पचेना. "अगं पण का? दोन मिनिटांचं काम आहे. तुला काय होतंय?" मी टेबलावर डस्टर आपटला तेव्हा ती थांबली. "तुझ्यापुढे माणूस कंटाळून हो म्हणेल," मी म्हणाले. ती हसली. तिला ती स्तुती वाटली असावी.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटा संशोधन प्रकल्प करायचा असतो. तिने विषय निवडला तेव्हाच मला ती आवडायला लागली. नवरा फौजेत आणि आपण गावात, असं राहणाऱ्या आणि राहिलेल्या बायकांचा एकटेपणा. तिची आई आयुष्याची निम्मी वर्षं तशी राहिलेली. प्रश्नावली साधी होती. 'मनातलं बोलायला जवळ कुणी नाही असं वाटतं', अशी विधानं आणि समोर चार पर्याय: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. संमतीपत्र तिने इतकं नीट मराठीत लिहिलं की मी ते वर्गात वाचून दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि येताना भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठाच घेऊन आली. बाकीची पोरं तेव्हा दारोदार हिंडत होती. कुपवाडच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीवाल्यांच्या झोपेवर काम करणारा एक मुलगा गेटपाशी ताटकळायचा आणि पाळी सुटली की माणसं गाड्यांना किका मारून त्याच्यादेखत निघून जायची. त्याच्या वडिलांचं तिथेच वर्कशॉप होतं, पण तिथले कामगार घ्यायला तो तयार नव्हता. "मालकाच्या पोराला कोण नाही म्हणेल, मॅडम?" असं म्हणाला होता. आणि इकडे हिचा गठ्ठा एका सकाळीत भरलेला. एकही रकाना रिकामा नाही, एकही कागद चुरगळलेला नाही, प्रत्येक संमतीपत्रावर सही.

निष्कर्षही तसाच देखणा. एकटेपणाची सरासरी अगदी खाली. आमचे विभागप्रमुख हरखून गेले. "सैनिकपत्नींचं मनोबल! वा!" म्हणाले. विभागातून दरवर्षी एकच प्रकल्प विद्यापीठाच्या स्पर्धेला जातो. यंदा हाच जाणार, असं त्यांनी वर्गात येऊन जाहीर केलं. मुलीचा चेहरा फुलला. तिला पुढे एम.ए. करायचं होतं आणि स्पर्धेत नाव झळकलं की घरात कुणी लग्नाचा विषय काढणार नाही, असं तिचं सरळ गणित होतं. तिच्या वडिलांनी गावात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

मी तिचा तक्ता घेऊन स्टाफरूममध्ये बसले. सरासरीवर माझी नजर ठरली नाही. शेजारच्या रकान्यात एसडी होती आणि ती जवळजवळ शून्य होती. म्हणजे इतक्या सगळ्या बायका, कुणी नवी नवरी, कुणी दोन पोरांची आई, कुणाचा नवरा लडाखला, कुणाचा पुण्यात, आणि सगळ्यांचं उत्तर एकच. कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही. मी तक्ता तिला परत दिला आणि एवढंच म्हणाले, "एसडी परत बघ." याहून जास्त बोलायचं नाही म्हणून मी जीभ दातांखाली धरली होती, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ते सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत आली. "मॅडम, मी हाताने सगळं परत केलं. वर्ग, बेरीज, वर्गमूळ, सगळं. गणित बरोबर आहे."

"आहेच बरोबर."

"मग चूक कुठे आहे?"

"मी कुठे म्हटलं चूक आहे? मला एवढंच सांग, या बायका कुठे बसून लिहीत होत्या?"

ती उत्साहाने सांगायला लागली. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं होतं: फौजेतल्या घरच्या सगळ्या सुनांनी सकाळी सभामंडपात हजर राहावं. सगळ्या आल्या. सुनांबरोबर सासवाही आल्या, कारण देवळात सून एकटी कशी येईल. अण्णांनी स्वतः पेनं वाटली. कुणाला वाचायला जड जात होतं तिला शेजारच्या सासूबाईंनी वाचून दाखवलं. इथपर्यंत येता येता तिचा खणखणीत आवाज हळू होत गेला. 'वाचून दाखवलं' हे शब्द तिने दोनदा म्हटले. मग ती बाकावर बसली.

"मॅडम, ह्या बायकांचं चहात साखर किती घालायची यावरसुद्धा एकमत होत नाही," ती म्हणाली.

तिला दिसलं होतं. मी सांगून दिसलं असतं तर ते माझं झालं असतं. हे तिचं होतं. एका आकड्याने तिला देवळातला सगळा सभामंडप दाखवला आणि संमती म्हणजे काय ते माझ्या कुठल्याही तासाने शिकवलं नसतं इतकं शिकवलं. शिक्षकाच्या नशिबी असे क्षण फार येत नाहीत. मला तिथल्या तिथे तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी कडक म्हणून प्रसिद्ध असल्याने नुसता चष्मा पुसला.

विभागप्रमुखांना हे कळलं तेव्हा त्यांनी तोडगा काढला. "अहवालातल्या मर्यादांमध्ये एक ओळ टाका की, माहिती सामूहिकरीत्या गोळा केली. झालं. एवढं कोण बघतंय?" माझं डोकं तडकलं, पण वाद घातला नाही, कारण प्रकल्प माझा नव्हता. मी मुलीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणतात तसं करता येईल. कुणी नापास करणार नाही. स्पर्धेलाही जाईल. नाहीतर हा गठ्ठा बाजूला ठेवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात स्पर्धेची मुदत टळणार, हेही सांगितलं.

"तुम्ही काय कराल?" तिने विचारलं.

"मी सांगितलं तर तो माझा हुकूम होईल," मी म्हणाले.

दोन दिवस ती कॉलेजला आली नाही. तिसऱ्या दिवशी सरळ विभागप्रमुखांकडे गेली आणि तिने तो गठ्ठा वापरणार नसल्याचं सांगून टाकलं. सर नाराज झाले. स्पर्धेला कुपवाडवाल्या मुलाचा प्रकल्प गेला, आणि तो जायच्याच लायकीचा होता. पण ती त्यासाठी रडत नव्हती. स्पर्धा गेली ती गेली. आता राहिले होते अण्णा. ज्या माणसाच्या शब्दाबाहेर गावात कुणी जात नाही, त्याला सांगायचं होतं की तुम्ही एवढ्या हौसेने केलेलं काम मी बाजूला ठेवलंय, आणि ठेवलंय ते तुमच्या शब्दामुळेच. आणि त्याच गावात परत दारोदार जायची परवानगीही मागायची होती.

"मॅडम, रविवारी गावी याल का? तुम्ही बोलू नका. फक्त बसा."

मी गेले. विट्याला गाडी बदलली. औंधच्या यमाईचा डोंगर दिसायला लागला तशी ती खिडकीपाशी गप्प होत गेली. थांब्यावर अण्णा स्वतः आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ, पाठ ताठ. "या मॅडम. आवं, लय नाव ऐकलंय तुमचं," म्हणाले आणि माझी पिशवी हातातून काढूनच घेतली. घरी गेल्यावर बाहेरच्या खोलीत मला खुर्ची दिली. चहा आला. कपबशी हातात घ्यायच्या आतच त्यांनी विचारलं, "मग, आमचं प्रोजेक्ट गेलं का न्हाई विद्यापीठात?"

ते 'आमचं' म्हणाले. मुलगी उंबऱ्यापाशी उभी होती.

"न्हाई गेलं, अण्णा. मीच थांबवलं."

"का? कागद कमी पडलं?"

"कागद सगळं बराबर हुतं. पर त्या बायका तुमी पुकारलं म्हणून आल्या हुत्या. तुमाला न्हाई कोण म्हणनार? ते मला वापरता येत न्हाई."

"सह्या हायत की सगळ्यांच्या."

"सह्या बी तुमी सांगितलं म्हणूनच."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. बोलायचं नाही असं कबूल केलं होतं आणि त्या वेळी मला त्याचा फार राग आला, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. त्यांचे कान लाल झाले होते. पोरगी जागची हलली नाही, खाली बघितलं नाही, की आवाजही चढवला नाही. वर्गात दोन मिनिटांच्या कामासाठी मैत्रिणीशी हुज्जत घालणारी हीच का ती, असं मला वाटून गेलं.

मग अण्णा सावकाश म्हणाले, "म्हंजे तुला व्हॉलंटियर पायजे हुते."

"व्हय."

"मग तसं सांगायचं हुतंस. मी फॉलिन केलं, समद्यांना रांगंत हुबं केलं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "व्हॉलंटियर मागायचं म्हंजे येगळं असतंय. तितं मागं सरनाऱ्याला बोलायचं नसतंय."

"तेच, अण्णा."

"आता गावात काय सांगू मी?"

"तुमी काय सांगू नका. मी घरोघर जाते. ज्यांना भरायचं न्हाई त्यांनी भरायचं न्हाई."

अण्णांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुलीने बॅगेतून कोरे कागद काढले आणि ती स्वयंपाकघरात गेली, कारण सुरुवात तिला घरातूनच करायची होती. आई भाकरी थापत होती. मी पाठोपाठ जाऊन स्टुलावर बसले; अण्णा दारात उभे राहिले. मुलगी आईशेजारी खाली बसली आणि तिने संमतीपत्र सगळं वाचलं, वर्गात मी वाचलं होतं तसं, एकही ओळ न गाळता. शेवटी म्हणाली, "आई, हे भरलंच पायजे असं न्हाई. न्हाई म्हणलीस तरी चालतंय. माझं काय अडनार न्हाई."

आईचे हात थांबले. तिने कागदाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मग न्हाई," ती म्हणाली.

मुलीच्या ओठांवर 'का' आलेला मी पाहिला. स्पष्ट दिसला. हा सगळा विषय तिने जिच्यामुळे निवडला होता तीच नाही म्हणत होती. माझ्या स्वतःच्या जिभेला खाज सुटली होती, कारण त्या 'नाही'च्या मागे काय असेल ते ऐकायला मी सांगलीहून काय, काश्मीरहूनही आले असते. मुलीने ओठ मिटले.

"बरं," ती म्हणाली, आणि कागद घडी करून बॅगेत ठेवला.

दारातून अण्णा म्हणाले, "तवा तर भरलं हुतंस की."

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. "तवा तुमी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "आज ही इचारतीय."

मी इतकी वर्षं संशोधनाची नीती शिकवते. चांगली जाडजूड पुस्तकं वापरून शिकवते. त्या वाक्यापुढे मला त्यातलं काही आठवेना. अण्णा दारातून मागे सरले.

बाहेर आल्यावर मुलगी मला म्हणाली, "चुकलंच माझं. तुम्ही दोघं समोर असताना मी आईला विचारायला नको होतं." आणि चपला घालता घालता पुढे म्हणाली, "बाकीच्या घरी तुम्ही दोघंही येऊ नका."

"मी पण?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही आलात की सगळ्या उठून उभ्या राहतील. खुर्ची शोधतील. मग कसलं नाही आणि कसलं काय."

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण लागलं तेवढंच बरंही वाटलं. मी जे शिकवलं ते तिने उचललं आणि पहिल्यांदा मलाच लावलं. अण्णा चपला घालून तयार होते, कारण गावात लेक कुठे निघाली तर बाप दोन पावलं बरोबर जाणारच. त्यांनी चपला परत काढल्या. "जा तू. आमी हितंच बसतो," म्हणाले.

मग सुभेदार आणि मी, हुकूम करायची आयुष्यभराची सवय असलेली दोन माणसं, दुपारभर अंगणात बसून राहिलो. ते मला पोस्टिंगच्या गोष्टी सांगत होते आणि मधूनच गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "ते तुमचं एसडी म्हंजे काय वो? पोरगी फोनवर लय सांगत हुती." मी जमेल तसं समजावलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं म्हणून तुमाला शंका आली."

"हो, तसंच."

"आमच्यात त्यालाच बक्षीस देतात," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यानंतर मला तो माणूस आवडायला लागला.

पुढे त्या प्रकल्पाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. या खेपेला कागद आले ते पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. पण काय एसडी आली होती! कुणी खरंच 'कधीच नाही' लिहिलं होतं, कुणी 'नेहमी'. एकीने चारही पर्यायांच्या बाहेर, समासात, दोन ओळी लिहिल्या होत्या. सरासरी वर सरकली. सैनिकपत्नींचं मनोबल वगैरे मथळा त्यातून निघेना. अहवालात मुलीने नकार देणाऱ्यांचा परिच्छेद पहिल्या पानावर घेतला, आणि पहिला गठ्ठा का वापरला नाही तेही न लपवता लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला तोंडी परीक्षेत एवढं तासलं की बाहेर थांबलेल्या मुली घाबरल्या. ती मात्र शांतपणे उत्तरं देत होती. स्पर्धा हुकलेलीच होती, त्यामुळे बक्षीस काही मिळालं नाही. आता ती कोल्हापूरला एम.ए. करते, आणि त्या प्रवेशाचा अर्ज भरायला तिच्याबरोबर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोण गेलं होतं ते मी वेगळं सांगायला नको.

त्या रविवारी उन्हं कलल्यावर ती परत आली. चेहरा दमलेला, पायांवर धूळ. अंगणाच्या पायरीवर बसली आणि तिने बॅग मांडीवर घेतली. अण्णांना राहवेना. ज्या गावात त्यांच्या हाकेला सगळी घरं बाहेर यायची त्या गावात आज पहिल्यांदाच कुणालातरी मागे राहायची मुभा होती.

"कोण कोण न्हाई म्हणल्या?" त्यांनी विचारलं.

"ते सांगायचं नसतंय, अण्णा."

"मला बी?"

"तुमाला बी. मॅडमना बी."

मी तोंड उघडलं होतं ते मिटलं, कारण मलाही नेमकं तेच विचारायचं होतं. अण्णांनी बॅगेकडे पाहिलं. दोन्ही हातांनी तिने ती धरून ठेवली होती, त्यात त्या गावातल्या बायकांचं जे काही होतं ते आता तिच्या हवाली होतं आणि बापासाठीही ती ते सोडणार नव्हती. सुभेदार उठले, आत गेले, आणि स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणून त्यांनी लेकीपुढे धरला. ती घटाघटा प्यायली. ते तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "मॅडम, हिला आता हुकूम करता यायचा न्हाई कुनाला."

ही तक्रार होती की फुशारकी, ते त्यांच्या आवाजावरून कळत नव्हतं.

"नाही करता यायचा," मी म्हणाले, आणि माझी मात्र ती फुशारकीच होती.